तापीकाठचा संसार : स्वस्त खरा, पण सोयीचा आहे काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शहादे येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. 'आपल्या जिल्ह्यातील राहणीचा खर्च' असा तो विषय आहे. त्यामागील त्यांचा हेतू आम्ही जाणतो. पुण्यामुंबईस व सुरतेस जाऊन राहिलेल्या आपल्या बांधवांनी निवृत्तीनंतर तरी आपल्या मुलखाकडे वळावे, येथे भाकरी स्वस्त आहे, भाडे नाही, दगदग नाही, हे त्यांस कोणीतरी आकडे मांडून सांगावे, असा तो हेतू. हेतू स्तुत्य आहे. परंतु आकडे मांडावयास बसलो तेव्हा हिशेब आमच्या मनाजोगा जुळेना. जो जुळला तो तसाच आपणांपुढे ठेवतो. चिटणीसांनी रागावू नये.

आमचे वडील, ज्यांस आम्ही नाना म्हणत असू, ते संसाराची वही ठेवीत. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभ्या घडीची. त्यांतील १९६४-६५ सालची वही आमच्याजवळ आहे. ती आम्ही या निमित्ताने पुन्हा उघडली, आणि सर्वांत आधी आश्चर्य वाटले ते तिच्यात काय आहे याचे नव्हे, तर काय नाही याचे. मीठ आहे, गूळ आहे, घासलेट आहे, चहाची पुडी आहे, दसरा-दिवाळीचे कापड आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घुंगरमाळ आहे. ज्वारी नाही, डाळ नाही, दूध नाही, तेल नाही, जळण नाही, भाजी नाही, घरभाडे तर नाहीच नाही. दादर शेतात पिकत होती. भुईमूग घाण्यावर टाकला की तेल घरी येई आणि पेंड जनावरांस होई. पऱ्हाट्या आणि तुरकाट्या हे जळण. सुतार-लोहारांस खळ्यावर धान्य मोजून मिळे. घर धाब्याचे होते. दरवर्षी मृगाआधी त्यावर माती टाकून चोपावी लागे, एवढाच त्याचा खर्च.

'आपल्याकडे राहणी स्वस्त' ही जी समजूत आपल्या मनात रुजली आहे, ती या वहीतून आलेली आहे. त्या वहीत ती खरीही होती. मात्र आजची वही निराळी आहे, आणि आपण जुन्या वहीच्या आधाराने नव्या संसाराची किंमत सांगत आहो.

आता आजच्या घराकडे पाहू. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. बैलांमागून गाई-म्हशीही कमी झाल्या. परिणामी ज्या गावात दूध विकणे हे कमीपणाचे समजत, त्या गावातील किराणा दुकानात सकाळी पिशवीतील दुधासाठी लोक उभे असतात. भुईमुगाच्या जागी कापूस, केळी, पपई, ऊस आला. रोख पैसा आला हे खरे, पण तेलाचा डबा आणि डाळ बाजारातून येऊ लागली. चुलीच्या जागी गॅस आला. आमच्या मायच्या डोळ्यांची जी दशा धुराने केली ती आम्ही पाहिली आहे, म्हणून गॅसच्या खर्चाविषयी आम्ही एक अक्षरही उणे बोलणार नाही. धाब्याच्या घराची गोष्ट मात्र वेगळी. ते पाडून आपण सिमेंटचा स्लॅब टाकला. पावसाळ्यात गळती थांबली, साप-विंचू थांबले. पण वैशाखात, आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा, तो स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत तापलेलाच राहतो. जाड मातीचे छत जे काम फुकट करीत होते त्यासाठी आता कूलर, कूलरसाठी वीज आणि कूलरच्या टाकीसाठी पाणी लागते. राहणीचा खर्च कसा वाढतो याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस सापडले नाही. एक सोय विकत घेतली की तिच्यापाठोपाठ आणखी तीन विकत घ्याव्या लागतात.

येथे थोडे सरकारी आकडे सांगावे लागतील. कंटाळा करू नये, कारण पुढील सारे बोलणे त्यांवर उभे आहे. केंद्र सरकारने २०२३-२४ साली घरोघरच्या खर्चाची पाहणी केली. तीत देशातील खेड्यांत दर माणशी दरमहा सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये खर्च होतो असे आढळले. खेड्यातील खर्चापैकी ४७.०४ टक्के खाण्यापिण्यावर आणि शहरात ३९.६८ टक्के. हे साऱ्या देशाचे सरासरी आकडे आहेत, आपल्या जिल्ह्याचे नव्हेत, हे ध्यानात असू द्यावे. आता वजाबाकी करून पाहा. खाण्यावर खेड्यातील माणूस सुमारे १,९४० रुपये घालतो आणि शहरातील सुमारे २,७७५. अंतर आहे, पण फार नाही. बाकीच्या साऱ्या गोष्टींवर, म्हणजे घर, शाळा, औषध, प्रवास, कपडालत्ता यांवर, खेड्यात सुमारे २,१८० आणि शहरात सुमारे ४,२२० रुपये जातात. येथे अंतर जवळपास दुपटीचे आहे.

शहरवासी बंधू ही वजाबाकी पाहून म्हणतात, 'बघा, गावी निम्म्यात भागते.' आमचा पुण्यास राहणारा पुतण्या हेच म्हणाला. आम्ही त्यास विचारले, 'बाबा रे, तुझ्या मुलीच्या गाण्याच्या शिकवणीचे पैसे गावी वाचतील खरे, पण ते स्वस्त शिकवणी मिळाल्यामुळे वाचतील, की शिकवणीच नसल्यामुळे?' तो हसला आणि म्हणाला, 'काका, हा प्रश्न तुम्ही काकूंना विचारा.' काकूंचे उत्तर पुढे येईल.

मुद्दा एवढाच की, कमी खर्च आणि स्वस्ताई या दोन वस्तू एक नव्हेत. जी वस्तू मिळतच नाही तिच्यावर खर्चही होत नाही. वहीत ती जागा कोरी राहते आणि आपण तिला बचत समजतो. सरकारच्या महागाईच्या निर्देशांकाचेही पाहा. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जी मालिका चालली, तिच्या ग्रामीण भागात घरभाड्याला स्थानच नव्हते. खेड्यात प्रत्येकाचे घर स्वतःचे, ही त्यामागील कल्पना. आमच्याच गावात बदलीवर आलेल्या शिक्षिकाबाई चार घरांचे उंबरे झिजवून भाड्याची खोली शोधत होत्या. त्यांस ही कल्पना कोणी तरी समजावून सांगावयास हवी होती.

आता या कोऱ्या जागांपैकी सर्वांत मोठी जागा कोणती ते सांगतो. ती दवाखान्याची आहे.

नानांच्या अखेरच्या वर्षी एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. तालुक्याच्या ठिकाणी जेथे नेले तेथे त्या वेळी हृदयाचा डॉक्टर नव्हता. 'सुरतेला हलवा,' असे सांगण्यात आले. शहाद्याला रेल्वे नाही, तळोद्याला नाही. नंदुरबारहून सुरत रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर, पण रात्री गाडीची वाट कोण पाहणार? मोटार ठरविली. त्या एका रात्रीचे मोटारभाडे, अनामत, पुढील नऊ दिवस सुरतेत तिघांचे राहणे-जेवणे हे सारे आम्ही नंतर नानांच्याच पद्धतीने वहीत मांडले. गावी राहून चार वर्षांत आम्ही जे 'वाचविले' असे समजत होतो ते नऊ दिवसांत गेले. नाना घरी आले, आणखी सात महिने राहिले. पैशाचे आम्हांस दुःख नाही. पण पुण्याच्या बंधूने दहा मिनिटांत गाठले असते ते रुग्णालय आम्हांस साडेचार तासांनी मिळाले. हे साडेचार तास कोणत्याही निर्देशांकात येत नाहीत.

परिस्थिती अगदी जशीच्या तशी राहिली आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी साध्या दाखल्यासाठीही धुळ्याची वारी करावी लागे, ती वाचली. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. करोनाच्या २०२१ सालच्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तळमळत असता आपल्या जिल्ह्याने प्राणवायूचे प्रकल्प आधीच उभे केले होते, म्हणून देशभर आपले नाव झाले. सुरत-भुसावळ लोहमार्गाचे दुहेरीकरण झाले. एस.टी.त ७५ वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून फुकट आणि स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्ध्या भाड्यात प्रवास मिळाला. ही शेवटची गोष्ट लहान दिसते, पण आमच्या घरातील स्त्रिया त्यानंतर माहेरी, बाजाराला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे किती वेळा जाऊ लागल्या हे आम्ही पाहतो. पूर्वी त्या जात नव्हत्या तो खर्च 'वाचत' होता, असेच आपण म्हणत होतो ना?

विजेचेही असेच. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्याने वीज मोफत केली. वहीतील एक रकाना कमी झाला. परंतु वीज रात्रीची असली की पाणी भरावयास रात्रीच जावे लागते, आणि तळोद्याच्या बाजूस उसाच्या फडात बिबटे असतात हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. फुकट विजेची किंमत त्या रात्री शेतकऱ्याच्या घरी जागत बसलेल्या बाईस विचारावी. पाण्याची कथा याहून जुनी. प्रकाशे आणि सारंगखेडे येथे तापीवर बराज बांधले गेले, पाणी डोळ्यांसमोर अडले, आणि ते शेतापर्यंत चढवावयाच्या उपसा योजना मात्र वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या. पाणी वाहत पुढे उकाईच्या जलाशयास मिळे. नदीकाठी राहूनही ज्याने खासगी पाइपलाइन टाकली त्यालाच ते मिळाले. ज्याची ऐपत नव्हती त्याची जमीन नदीच्या दर्शनानेच पावन झाली.

आता एक गोष्ट बोलतो, ती कदाचित सर्वांस रुचणार नाही. नानांच्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर सालदारांचा हिशेब आहे. अक्षय्य तृतीयेस, आपल्या आखाजीस, साल ठरे. इतके धान्य, इतके रोख, एक घोंगडी, एक जोडा. ती पाने आम्ही लहानपणी अनेकदा पाहिली होती, पण वाचली नव्हती. या खेपेस वाचली. नाना कठोर नव्हते, त्यांचे सालदार वर्षानुवर्षे टिकत. तरीही ती रक्कम आणि तिच्यासमोरचे वर्षभराचे रात्रंदिवस काम पाहिले म्हणजे आमची ती प्रसिद्ध स्वस्ताई कोठून येत होती ते कळते. आमच्या वहीत जे खर्चाच्या बाजूस कमी दिसे, ते भिल्ल बांधवांच्या घरात जमेच्या बाजूस कमी पडत असे. १९७० नंतरच्या काही वर्षांत शहादे-तळोदे भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा आपल्या समाजातील पुष्कळांस तो आपल्यावरील हल्ला वाटला. त्या काळी नानांसही तसेच वाटले होते. आज तीच वही हातात घेऊन बसले असता आम्हांस तसे वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी होते. त्यांतील किती तरी कुटुंबे आजही दिवाळीनंतर मुलाबाळांसह दक्षिण गुजरातेत ऊस तोडावयास जातात. जान ब्रेमन या डच विद्वानांनी बारडोलीकडील या खानदेशी ऊसतोड्यांवर आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. आपण त्यांच्या शेजारी राहून त्यांचे नावगाव विचारले नाही. 'मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही' ही तक्रार आज सकाळपासून या मंडपात आम्ही पाच वेळा ऐकली. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसास ३१२ रुपये होता. गॅस, तेल, डाळ आणि पिशवीतील दूध यांचे भाव त्यालाही तेच आहेत जे आपणांस आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजारी माणसास बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. आम्हांस साडेचार तास लागले म्हणून आम्ही एवढे बोललो. पण त्या झोळीतील माणसाचे तास कोणी मोजावेत?

आधार क्रमांकाची साऱ्या देशातील पहिली ओळखपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादे तालुक्यातील टेंभली गावी दिली गेली. पंतप्रधान आले, हेलिकॉप्टरे उतरली. पुढे वर्तमानपत्रवाले तेथे जाऊन गावाची स्थिती पाहून आले आणि काय फरक पडला ते लिहीत राहिले. क्रमांक आधी मिळाला, बाकीचे मागून येते आहे.

आता काकूंचे उत्तर. आमच्या मंडळींस आम्ही पुतण्याचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, 'मला गावात काही कमी नाही. पण लेकीला या गावात द्याल का, असे मला विचारू नका.'

या स्मरणिकेच्या अखेरीस वधू-वर सूची आहे. दरवर्षी आपण सारे लेख सोडून आधी तीच उघडतो, यात लाजण्याजोगे काही नाही. तीत मुलींच्या अपेक्षांचा रकाना वाचावा. 'नोकरी, पुणे किंवा मुंबई', 'शेती असल्यास प्राधान्य', पुन्हा 'नोकरी'. म्हणजे मुलाकडे जमीन असावी, पण त्याने ती कसू नये. यावर आपण हसतो आणि मग मुलींस दोष देतो. वीस-पंचवीस एकर बागायत असलेला, पपईच्या भावासाठी व्यापाऱ्यांशी चार हात करणारा, कष्टाळू, निर्व्यसनी मुलगा तिशी ओलांडून बसला आहे, हे आपल्या घराघरांतील दुःख आहे. परंतु मुली काय मागतात ते नीट ऐकले तर त्या ऐश्वर्य मागत नाहीत. बाळंतपणाच्या रात्री डॉक्टर असावा. मुलास शिकवणारी शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असावी. स्वयंपाकघरात नळास पाणी असावे. संध्याकाळी सहानंतर तालुक्याहून परत येण्यास गाडी असावी. आणि स्वतःच्या नावाने चार पैसे मिळविण्याची काही वाट असावी. नानांच्या वहीतील कोऱ्या जागा त्यांनी आपल्याआधी वाचल्या, एवढाच त्यांचा अपराध.

सहकाराच्या बळावर आपल्या भागात काय होऊ शकते हे आपण पाहिले आहे. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर कारखाना उभा राहिला, तेव्हा या माळावर धुराडे कधी उठेल असे कोणास वाटले होते? म्हणून आम्ही निराश नाही. गावाची हवा, सुगीच्या दिवसांतील रात्र, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, अडीअडचणीस धावून येणारी माणसे, यांचे मोल आम्ही जाणतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत घातली की तो लाल रंग आणि तो ठसका परगावी राहणाऱ्यांस आठवल्यावाचून राहत नाही, हेही खरे. परंतु आठवण येणे निराळे आणि येऊन राहणे निराळे.

आज दुपारच्या बैठकीत मंगल कार्यालयावर दुसरा मजला चढविण्याचा ठराव येणार आहे. त्यासाठी निधीही बराचसा जमला आहे, आणि ज्यांनी तो जमविला त्यांच्या श्रमांविषयी आम्हांस आदर आहे. तरीही आम्ही त्या ठरावास विरोध करणार आहो, हे आधीच सांगून टाकणे सभ्यपणाचे होईल. आपली लग्ने पहिल्या मजल्यावर व्यवस्थित लागतात. वर्षातून मोजक्या तिथींना भरणाऱ्या दालनाऐवजी त्याच पैशांतून दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची उपसूचना आहे. एक, सुरतेस मोठ्या रुग्णालयांजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पाच-सहा खोल्या भाड्याने घेऊन चालवाव्यात. दुसरी, शहाद्यात रात्री मिळेल अशी एक सुसज्ज रुग्णवाहिका ठेवावी. आणि या दोन्ही सोयी ज्ञातीचे नाव न विचारता, डोंगरातून आलेल्या माणसासही, त्याच दराने किंवा दर न घेता मिळाव्यात. यावर खजिनदारांचे म्हणणे असे की, रुग्णवाहिकेचा चालक, डिझेल, दुरुस्ती हा दरसालचा खर्च आहे आणि इमारत एकदाच बांधावी लागते. त्यांची शंका रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आम्ही दरसालच्या वर्गणीचा एक अंदाज तयार केला असून तो बैठकीपूर्वी सभासदांस वाटला जाईल.

नानांची ती वही आम्ही आज बरोबर आणली आहे. भोजनानंतर ती कार्यालयातील मेजावर ठेवू. पाने जीर्ण झाली आहेत, तेव्हा हलक्या हाताने उलटावी. शेवटची चार पानेही पाहावी, एवढी विनंती.